टाळूचा फोटो निघत नाही

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सिंहगड रस्त्यावरच्या एका सिग्नलला एक फ्लेक्स लागला होता. मोफत प्लास्टिक सर्जरी शिबिर, तारीख, स्थळ, नावनोंदणीचा नंबर, आणि वरच्या पट्टीत हात जोडलेल्या मान्यवरांची रांग. मधली सगळी जागा मात्र एका बाळाची होती. डावीकडे ओठ थेट नाकपुडीपर्यंत दुभंगलेला, हिरडी उघडी, नाक एका अंगाला पसरलेलं. उजवीकडे तेच बाळ; ओठावर बारीक रेघ, डोळ्यांत काजळ, गालाला तीट, अंगात नवं झबलं. माझ्या शेजारच्या स्कूटरवर एक बाई होती आणि तिच्या पुढ्यात, हँडल धरून उभी, चारेक वर्षांची मुलगी. मुलगी डावीकडच्या फोटोकडे टक लावून बघत होती. "आई, त्या बाळाला काय झालंय?" बाईनं हँडलवरचा एक हात काढला, मुलीची हनुवटी धरून मान दुसरीकडे वळवली. "तसं बघू नाही गं." सिग्नल सुटला, त्या दोघी गेल्या, मागून हॉर्न वाजायला लागले.

त्या बाईचा मला राग आला नाही. आपल्याकडे बऱ्या घरांतून हेच शिकवतात. कुणाच्या व्यंगाकडे टक लावू नये, त्यावरून विचारू नये. तिनं तिच्या परीनं त्या बाळाची अब्रूच राखली. आणि फ्लेक्स लावणाऱ्यांचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. पानशेतच्या पलीकडच्या वाडीतून भाजी घेऊन आलेल्या माणसाला 'जन्मजात व्यंग शस्त्रक्रियेनं दुरुस्त होतं' हे वाक्य वाचून पटत नाही. दोन फोटो शेजारी शेजारी दिसले की पटतं. कदाचित त्याच फ्लेक्समुळं कुणी तरी आपलं पोर घेऊन तिथं पोचलं असेल. तरी ते चित्र डोक्यातून जाईना. ते बाळ उद्या मोठं होईल, शाळेत जाईल, नोकरी मागायला जाईल. त्याचा डावीकडचा चेहरा चौकात टांगायला त्याला कुणी विचारलं होतं? काही दिवस मला वाटत होतं की आपल्याला हेच टोचतंय. मग लक्षात आलं की जास्त टोचतोय तो उजवीकडचा फोटो. तो बघून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला वाटणार, चला, बरं झालं पोर.

मला ताईंचा फोटो आठवत होता.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत ताई राहायच्या. नात्यानं कुणाच्याच नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्याच ताई. आमच्याकडे वाड्यातल्या मंगळागौरीचा एक ग्रुप फोटो आहे. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या ताई. ओठावर पुसट रेघ, तीसुद्धा ठाऊक असेल त्यालाच दिसेल अशी. नाक किंचित बसकं. बाकी मोठ्या डोळ्यांची, ठसठशीत, अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळलेली बाई. हा फोटो आज कुणाला दाखवला तर या बाईंनी जन्मभर तोंड चुकवलं हे खरं वाटणार नाही. ताईंचा ओठ लहानपणीच शिवलेला होता. तोंडातली टाळू तशीच, दुभंगलेली राहिली होती. का राहिली, कुणी कंटाळा केला, पैसे संपले की कुणी सांगितलंच नाही, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

टाळूला फट म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामध्ये पडदाच नाही. ताक प्यायल्या की ते नाकातून यायचं, म्हणून पंगतीला ताई सगळ्यांच्या मागून, एकट्या बसायच्या. सकाळी बंब पेटवायचा तर फुंकणी त्यांच्या काही कामाची नव्हती. फुंकायला हवा तोंडात कोंडावी लागते आणि त्यांची हवा नाकातून निसटायची. कोळसा ओला असला की बोळभर धूर व्हायचा आणि त्या धुरात ताई डोळे पुसत वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत बसायच्या. मग आम्हा पोरांना हाक यायची. आम्ही धावतच जायचो, कारण फुंकर घातल्यावर निखाऱ्याचं लाल होत जाणं बघायला मिळायचं. त्यांच्या तोंडी 'बाळ'चं 'माळ' व्हायचं, 'पाणी'चं 'माणी', आणि 'क'सारखी अक्षरं घशातच कुठंतरी अडकून बसायची. वाड्यातल्या आम्हाला सगळं कळायचं. पण दारावर बोहारीण आली, विजेचं मीटर बघणारा आला की ताई आत वळायच्या आणि आमच्यातल्या कुणाला तरी खांद्याला धरून पुढं करायच्या. हिशेबात त्या इतक्या पक्क्या होत्या की वाड्यातल्या बायकांची भिशी त्यांच्याकडे असायची. मनात किती, तोंडावर किती! मोठी माणसं म्हणायची, "हिचं तर झालंय की ऑपरेशन." आणि आवाज खाली घेऊन म्हणायची, हिच्या आईनं ग्रहण पाळलं नव्हतं, ग्रहणात विळीवर भोपळा चिरायला बसली होती. ती आई तोवर केव्हाच वारलेली होती. विळी मात्र लोकांनी विसरली नाही.

ग्रहणाचा यात काही संबंध नसतो. चेहरा घडतो गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत, पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचं कळतं न कळतं तोच. दोन्ही बाजूंनी पुढं येणारे भाग मध्यावर येऊन सांधतात. आधी ओठ, मग टाळू. कुठंतरी सांधा राहून जातो. आनुवंशिकता, गरोदरपणातली काही औषधं, तंबाखू, आहारातली फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता अशी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात आणि बहुतेक घरांत नेमकं कशावर बोट ठेवावं ते कळत नाही. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला हे होतं. ओठ जन्मानंतर तिसऱ्या महिन्याच्या आसपास शिवतात. टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, मूल बोलायला लागतं त्या सुमारास, म्हणजे चुकीचे उच्चार जिभेवर बसायच्या आत. पुढं आठ-दहा वर्षांचं झालं की हिरडीतल्या फटीत कमरेच्या हाडातलं थोडं हाड काढून भरतात, तेव्हा कुठं सुळ्याला उतरायला जागा मिळते. मधल्या काळात कानाच्या पडद्यामागं पाणी साठून ऐकू कमी येतं, त्याचं वेगळं बघावं लागतं. दात वाकडे उगवतात, त्यांचं वेगळं. आणि चेहऱ्याची वाढ पूर्ण झाली की सोळाव्या-अठराव्या वर्षी नाक. हा एका मुलाचा हिशेब आहे. फ्लेक्सवरच्या दोन फोटोंमधलं अंतर असतं फार तर काही महिन्यांचं.

हे सगळं मला समजावून सांगितलं पुण्यातल्याच एका सर्जननी. त्यांचं नाव इथं देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्यांच्या दवाखान्यात संध्याकाळी नाक सरळ करून हवं असलेली तरुण मुलं-मुली येतात, पापण्या ओघळल्या म्हणून साठीच्या बायका येतात, दुचाकीवरून पडून गालाचं हाड मोडलेले येतात. ते सगळं काम ते तितक्याच मन लावून करतात आणि त्याचे पैसे घेतात. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी सकाळी ते एका ट्रस्टच्या रुग्णालयात दुभंगलेले ओठ आणि टाळू शिवतात, तिथं घेत नाहीत. मला वाटायचं की पहिलं काम पोटाचं आणि दुसरं पुण्याचं, अशी त्यांची वाटणी असेल. ते म्हणाले, तसं काही नाही. हौसेनं नाक करून घेणाऱ्या मुलीवर मी अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होऊ देत नाही. फुकटच्या मुलावरही होऊ देत नाही. हात एकच आहे. मग थोड्या वेळानं, चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "ओठासाठी देणगी सहज मिळते हो. टाळूसाठी मागायला गेलं की समोरचा विचारतो, फोटो आहे का? टाळूचा कसला फोटो? आ केलेलं तोंड आणि आत लाल मांस. तो वार्षिक अहवालात छापता येत नाही."

त्या वाक्यानंतर मी या विषयावरची जुनी-नवी माहिती वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. पुण्यात बसून चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल काही लिहायचं तर कावसजीला ओलांडून जाता येत नाही. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं आणि एक हातही. वर्षभराहून अधिक काळ तो तसा वावरला आणि मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याची हकीकत छापून आली, सोबत कावसजीचं चित्र. ते मूळ जेम्स वेल्सनं काढलेलं. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एकत्र रंगवणारा तोच हा चित्रकार. ती हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जननं प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये जिवंत माणसाला तसंच नाक बसवलं. तिथून ही 'भारतीय पद्धत' युरोपभर गेली. हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव त्या हकिकतीत नाही, विटा करणाऱ्या जातीचा माणूस एवढाच त्याचा उल्लेख आहे, म्हणजे कुंभार असावा. त्याचं नाव हरवलं याची हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली आहे.

मी अडकले ती पुढच्या ओळींत. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा, तो पत्रा उलगडून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, फक्त दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवायची म्हणजे रक्त वाहतं राहतं. मग कातडी वळवून खाली आणायची आणि थोट्याच्या कडेला कापून केलेल्या खाचेत बसवायची. वर काथ. आपण विड्यात घालतो तोच काथ पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेलं कापड. रोग्यानं पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, भोकं बुजू नयेत म्हणून. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली ती पट्टी कापायची. कापण्याची कारागिरी थक्क करणारी आहेच. पण हे पंचवीस दिवस! माणूस एका हाताचा. उताण्या पडलेल्या एका हाताच्या माणसाला भरवलं कुणी? कूस वळू नये म्हणून रात्री जागलं कोण? तूप कढवलं कुणी, बोळे बदलले कुणी? कुंभाराची निदान जात तरी लिहून ठेवली गेली. या माणसाचं, किंवा बाईचं, तेवढंही नाही.

पुण्याच्या कोंढव्यात आज इमारतींची इतकी दाटी आहे की तिथं कधी गावाबाहेरचं माळरान होतं हे नव्या मुलांना सांगून पटत नाही. त्या माळावर कुष्ठरोग्यांचं रुग्णालय होतं आणि गेल्या शतकाच्या पन्नाशीत डॉ. नोशीर अंतिया तिथं शस्त्रक्रिया करायला जात. इंग्लंडमध्ये ते सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शिकलेले. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उडालेले हजारो चेहरे ज्यांनी सिडकपच्या रुग्णालयात पुन्हा उभे केले ते हे गिलीज. अशा गुरूचा शिष्य मायदेशी परतल्यावर कुठेही नाव आणि पैसा मिळवू शकला असता. अंतिया पुण्याच्या जहांगीर रुग्णालयात काम करत होते आणि तिथूनच कोंढव्याला जात होते. चेहऱ्याच्या सर्जनला कुष्ठरुग्णालयात काय काम, हे तेव्हा डॉक्टरांनाही चटकन कळत नसे.

काम भरपूर होतं. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग आवडतात, म्हणून तो नाकात, कानाच्या पाळ्यांत, भुवयांत वस्ती करतो. नाकाच्या आतली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, झिजते, आतलं अस्तर आकसतं आणि नाक आत ओढलं जातं. भुवया झडतात. चेहऱ्याची नस मेली की पापण्या मिटत नाहीत. औषधानं जंतू मरतात, रोग संपतो, माणूस कुणाला काही देऊ शकत नाही अशा अवस्थेला येतो आणि तरीही त्याला कुणी बसमध्ये शेजारी बसू देत नाही, कारण चेहरा तोच असतो. लहानपणी आजोबांबरोबर पर्वतीला जायचे तेव्हा पायऱ्यांच्या तोंडाशी ही माणसं फडकं पसरून बसलेली असत. आजोबा नाणं जरा उंचावरून सोडायचे. ते मायाळू होते, दर खेपेला खिशात सुटे घेऊन निघायचे. पण हात उंचच राहायचा. त्या माणसांमधल्या कित्येकांचा रोग तेव्हा बरा झालेला असेल हे आमच्या गावीही नव्हतं.

गिलीजनी हेरलं होतं की बसलेल्या नाकाची बाहेरची कातडी शाबूत असते, गेलेलं असतं ते अस्तर. त्यामुळं कपाळाची कातडी आणायची गरज नाही. वरचा ओठ उचलून आतून शिरायचं, आकसलेला भाग सोडवायचा, साच्यावर गुंडाळलेली कातडी आत लावायची की तेच जुनं नाक पुन्हा उभं राहतं. डोक्यावरच्या केसांचा पट्टा रक्तवाहिनीसकट कपाळावर आणून भुवया करता येतात. पण माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते पापण्यांच्या शस्त्रक्रियेत. कानशिलावर आपला चावण्याचा स्नायू असतो. दात दाबून बोट लावलं तर हालताना लागतो. त्याची एक पट्टी सोडवून पापण्यांमधून फिरवतात. मग दात दाबले की डोळा मिटतो. अंतियांनी कुष्ठरुग्णांच्या चेहऱ्यासाठी ही पद्धत वापरली, तिच्याविषयी लिहिलं. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला नव्यानं शिकावं लागतं. भाकरी चावताना डोळा आपोआप मिटेल. बाकीच्या वेळी दर थोड्या वेळानं आठवणीनं दात दाबायचे, उन्हात, धुळीत, कुणाशी बोलताना, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते आणि दृष्टी जाते. कुणी तरी समोर आरसा धरून हे रोज करून घ्यावं लागतं. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि शिकवणारं कुणी नसलं तर माणूस आंधळा होऊ शकतो.

मला वाटतं, अंतियांचा पुढचा सगळा प्रवास याच जाणिवेतून झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा टाटा विभाग उभा केला, भाजलेल्या माणसांवर वर्षानुवर्षं काम केलं. मग मोठ्या रुग्णालयाच्या भिंतीआड बसून हे संपणारं नाही असं म्हणत १९७५ मध्ये सामुदायिक आरोग्यासाठी संस्था काढली आणि अलिबागजवळच्या मांडव्याच्या आसपासच्या गावांत तिथल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ मध्ये ते गेले. इतका हातखंडा असलेला सर्जन सुरी खाली ठेवून गावातल्या बायकांना कुष्ठरोगाचा पहिला चट्टा ओळखायला शिकवायचं मनावर घेतो, हे मला त्यांच्या कुठल्याही शस्त्रक्रियेहून मोठं वाटतं. चट्टा वेळेवर ओळखला तर नाक बसतच नाही. तिथं आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढायला काही उरत नाही.

असं असलं तरी शिबिरांविषयी मला एकतर्फी बोलता येत नाही, कारण डॉ. शरदकुमार दीक्षित. अमेरिकेत राहणारा हा मराठी सर्जन १९६८ पासून भारतात येऊन मोफत शस्त्रक्रिया करत राहिला. पुण्यातली शिबिरं भारतीय जैन संघटनेनं वर्षानुवर्षं भरवली. ओठ, मिटलेली पापणी, तिरळे डोळे, चेहऱ्यावरचे व्रण, एका दिवसात कितीतरी. मधे त्यांना मोटारीचा अपघात झाला आणि चाकाची खुर्ची आली. घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र गेलं, गळ्याशी यंत्र धरून बोलावं लागायचं. हृदयविकारही होता. तरी दर हिवाळ्यात ते येत, खुर्चीत बसूनच शिवत. २००१ मध्ये पद्मश्री, २०११ मध्ये मृत्यू. त्यांच्या नावानं शिबिरं पुढंही चालू राहिली. ज्याचा आवाज गेलाय असा माणूस समोरच्या मुलाचा ओठ शिवतोय, हे नुसतं मनात आणलं तरी माझ्या पोटात कालवतं. घाईच्या शिबिरांवर टीका करणाऱ्यांनी त्या खुर्चीसमोर काय बोललं असतं?

अशाच एका शिबिरात मी गेले होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या पुतणीच्या मुलाला घेऊन. पहाटेची गर्दी, फिनेलचा वास, त्यात कुणीतरी सोडलेल्या फडक्यातल्या भाकरी-ठेचाचा वास. कर्नाटकाच्या हद्दीवरून, बीडकडून, नंदुरबारकडून रात्रभर एसटीत बसून आलेली माणसं. पापणी पडलेली मुलं हनुवटी वर करूनच चालतात, त्यामुळं उगाच ताठ वाटतात. एक लग्नाची मुलगी, लहानपणी भाजून हनुवटीची कातडी गळ्याला ओढली गेलेली. तिचा बाप दर पाच मिनिटांनी उठून आपला नंबर लागला का विचारायचा. एका म्हाताऱ्यानं तर सत्तरीत ओठ शिवून घ्यायचं ठरवलं होतं. मुलगा म्हणाला, आता कशाला? म्हातारा म्हणाला, "मेल्यावर तोंड बघत्यात की लोकं." त्या गर्दीत बसल्यावर 'सौंदर्य' या गोष्टीला श्रीमंतांची हौस म्हणणं मला कायमचं सोडावं लागलं. त्या प्रत्येकाला चारचौघांत कुणी वळून बघू नये, एवढंच हवं होतं.

आम्ही नेलेल्या मुलाचा ओठ त्या शिबिरात शिवला गेला, फार सुरेख. दुपारी त्याची आई भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होती, रडत नव्हती, नुसती बघत होती. टाळूचं तिथं करत नव्हते, आणि ते बरोबरच होतं. तान्ह्या मुलाची टाळू शिवायची तर पूर्ण भूल, भुलेचा अनुभवी डॉक्टर, रात्रभर लक्ष ठेवणाऱ्या परिचारिका हव्यात. मुलाचं वजन आणि हिमोग्लोबिन हवं. त्यासाठी बारा महिने चालणारं केंद्र लागतं. चिठ्ठीवर तसं लिहून दिलं. पण मी त्या घराकडे बघत होते. सासूनं बाळाची दृष्ट काढली, पेढे वाटले. "झालं बाई एकदाचं," ती म्हणाली. ताईंच्या बाबतीतही कुणीतरी असेच पेढे वाटले असणार. मावशींनी आणि मी मिळून त्या चिठ्ठीचा पिच्छा पुरवला म्हणून त्याची टाळू वेळेत शिवली गेली, नाहीतर ती चिठ्ठी देवघरातल्या पंचांगात राहिली असती.

आता तो तीन वर्षांचा आहे आणि बोलणं शिकायला येतो. खोली लहान आहे, एका भिंतीला आरसा. उच्चार शिकवणारी मुलगी टेबलावर थर्माकोलचा गोळा ठेवते आणि तो फुंकून पलीकडे घालवायला सांगते. मग त्याच्या नाकाखाली छोटा आरसा धरते. 'प' म्हणताना आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटली. "पापड," ती म्हणते. "मामड," तो म्हणतो. पुन्हा. त्यानं ओठ घट्ट मिटावेत म्हणून ती आपले ओठ दाखवते, त्याचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवते. अर्ध्या तासात दहादा 'पापड' होतं, त्यातलं एखादं नीट. ती एकदाही वैतागत नाही. शिकवण्याइतकीच ती बापाला घरी काय करायचं ते बजावते, वहीत लिहून देते, मागच्या आठवड्याची वही तपासते. मला विचाराल तर ओठ शिवणाऱ्या सर्जनइतकाच मान या मुलीचा आहे. पगार कितीतरी कमी.

अंगणवाडीत तपासणीला येणारं सरकारी पथक हल्ली अशी बाळं हेरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्यात दुभंगलेले ओठ आणि टाळू आहेत. शस्त्रक्रियेला आता गरिबाच्या खिशातून पैसे जायचं कारण बऱ्याच ठिकाणी उरलेलं नाही. अडतं ते पुढं. त्या दिवशी वही पिशवीत ठेवत बाप म्हणाला, "मॅडम, दर मंगळवारी यायलाच पाहिजे का? महिन्यातनं एकदा चालंल का?" तिनं समजावलं, नाही चालणार, निदान हे वर्ष तरी. तो काही बोलला नाही. वेल्ह्याहून यायचं, जायचं, दोघांचं तिकीट, वर त्या दिवसाची मजुरी बुडते. पाच मंगळवारांच्या महिन्यात पाच हजेऱ्या बुडतात. तो हिशेब बोटांवर करत होता आणि मुलगा त्याच्या मांडीवर बसून गोळा फुंकत होता.

मी त्या सर्जनना फोन केला. ते म्हणाले की, असे निम्म्याहून अधिक आई-बाप मधेच येणं सोडतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. विश्वस्तांच्या बैठकीत मी दरवर्षी प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांसाठी वेगळी रक्कम मागतो. मागच्या वर्षी थोडी मिळाली, यंदा पुन्हा मागणार आहे, तुम्हीही येऊन बोला. मी जाणार आहे. आमच्या सोसायटीतल्या बायकांची भिशी आहे, तिच्यातही विषय काढला. तिघी-चौघी लगेच तयार झाल्या. एकीनं विचारलं, मुलाचा फोटो मिळेल का, ग्रुपवर टाकता येईल. मी सांगितलं, मिळणार नाही, पण मंगळवारी अकरा वाजता कुणीही माझ्याबरोबर येऊन त्याला 'पापड' म्हणताना ऐकू शकता. दोघी येणार आहेत.